रांगता शिपाई

बाळकृष्ण प्लॅस्टरमध्ये अडकला त्या दिवशी एकादशी होती, त्यामुळे जेवणाचा प्रश्न नव्हता. प्रश्न चहाचा होता.

माझा नेम असा, की सकाळी बाळकृष्णाला अंघोळ घातल्याशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घ्यायचा नाही. लग्नात आईनं अन्नपूर्णेबरोबर दिलेला दोन इंची पितळी बाळकृष्ण. रांगणारा. डावा हात आणि गुडघे जमिनीला टेकलेले, उजवा हात पुढे, वर उचललेला आणि त्या तळहातावर लोण्याचा गोळा. एकोणीस वर्षांत नेम मोडला नव्हता. मला शिवता यायचं नाही त्या चार दिवसांत घरातलं दुसरं कुणी अंघोळ घालायचं, आणि मी दाराआडून बघून मग चहा घ्यायची. देवाला फसवायचं नाही, आणि स्वतःचेही हाल करायचे नाहीत, असा आमचा आपसातला समझोता होता.

आणि आता साडेआठ वाजून गेले होते, देव एका पांढऱ्या दगडाच्या पोटात होता, आणि आमचे हे त्या दगडाला कान लावून बसले होते.

"कान कशाला लावताय? बोलणार आहे का तो?" मी म्हटलं.

"ठोकून बघतोय. कुठं पकडलंय ते आवाजावरनं कळतं."

"मग?"

"काखेत पकडलंय." ह्यांनी दगड खाली ठेवला. "साबणाचं पाणी लावू दिलं असतंस तर आत्तापर्यंत सुटला असता. सगळ्या जगात प्लॅस्टर ओतायच्या आधी साबण लावतात."

"देवाला साबण लावत नाहीत."

"म्हणून तूप लावलं ना! साजूक! आणि मार्गशीर्षाची थंडी. तूप थिजलं, प्लॅस्टर त्यावर बसलं, झालं."

मी नुसतं 'हं' पुटपुटले. मी तशीही मोठ्यानं बोलत नाही. पण चूक माझी होती हे मला कळत होतं. त्यात ती मोक्षदा एकादशी. सगळ्या जगाला मोक्ष देणारा, नि तोच आमच्या मागच्या पडवीत अडकून पडलेला. हसावं की रडावं कळेना. म्हणून मी वाती वळायला घेतल्या.

हे सगळं सुरू झालं रंगराव साळुंख्यांच्या कवळीपासून.

ह्यांचा धंदा कवळ्या बनवायचा. मिरजेतले दोन-तीन दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, आणि हे पडवीत बसून प्लॅस्टर, मेण आणि हिरड्यांचा गुलाबी मसाला घेऊन दात बसवायचे. आमच्या घरी कपाटात, फळीवर, खिडकीत, जिकडे बघावं तिकडे कुणाचं तरी तोंड हसत असे. रंगराव मराठा पलटणीतले निवृत्त हवालदार. पासष्टच्या लढाईत जबड्याला तोफगोळ्याचा तुकडा लागून निम्मे दात गेलेले, उरलेले पुढं आपसूक गेले. जबडा वाकडा जुळलेला, त्यामुळे कुठली कवळी टिकायची नाही. ह्यांनी तीनदा करून चौथ्यांदा बसवली. रंगरावांनी आरशात पाहिलं, दात एकमेकांवर आपटले, आणि म्हणाले, "टेंभेसाहेब, ज्याला असला वाकडा जबडा बसवता येतो त्याला कायबी करता येतंय. माझं एक काम हाय."

काम असं होतं. त्यांच्या निकमवाडीच्या शाळेत एक खोली महादेव निकमच्या नावानं उघडायची होती. महादेव त्यांचा गाववाला, त्यांच्याच तुकडीतला, त्याच लढाईत गेलेला. शत्रूच्या चौकीवर टाकायला हातगोळा घेऊन सरपटत निघाला असता गोळी लागली, असं पलटणीच्या पत्रात आलं होतं. त्या पत्राची फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावली होती. रंगरावांना त्या खोलीत ती लढाई मांडून हवी होती. टेबलाएवढ्या फळीवर कालवा, बांध, खड्डे, सात-आठ शिपाई, आणि मधे महादेव.

"चित्र काढून घ्या की," हे म्हणाले. "स्वस्तात होईल."

"चित्राचा काय उपेग? त्याची आई हाय, हौसाबाई. काचबिंदूनं दोन्ही डोळं गेल्यात तिचं. म्हातारी हातानं बघती." रंगरावांनी बोटं हवेत फिरवून दाखवली. "घरात पोराचा एक फोटूबी न्हाई. पंच्याहत्तरी झाली. ह्या वर्षी खोकलाबी लई धरलाय. ती जायच्या आत तिच्या हाताला लागंल असा म्हाद्या पायजे. बाकीचं कसंबी करा, म्हाद्या तेवढा खरा करा."

मी आतून चहा घेऊन आले होते. रंगराव कप घेताना माझ्याकडे बघून म्हणाले, "वयनी, तुमी तरी सांगा ह्यास्नी." मला नाही म्हणता आलं नाही. तारीखही त्यांनीच सांगून टाकली. मार्गशीर्षातला तिसरा रविवार.

आता शिपाई आणायचे कुठून?

आधी हे बाजारातून प्लॅस्टिकचे हिरवे शिपाई घेऊन आले, पिशवीभर. ओतून बघितलं तर निम्मे बिगूल वाजवत होते आणि उरलेल्यांत चार घोड्यावरचे टोपीवाले गुराखी निघाले. मग कुंभाराकडे गेले. त्याच्याकडे दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मावळे उरलेले होते. मिशा छान होत्या, पण प्रत्येकाच्या हातात भाला. शेवटी शेजारच्या बापटांचा मुलगा दुबईहून आला त्यानं बॅगेतून एक खोका काढून दिला. त्यात राखाडी रंगाचे बारा सुबक शिपाई होते, बोटाएवढे. पट्ट्याचं बक्कलसुद्धा दिसायचं.

रंगराव बघायला आले. त्यांनी एकेकाला उचलून उजेडात धरलं.

"हे जर्मन हायेत," ते म्हणाले.

"मग?"

"ह्यांच्याशी माझं काय वाकडं न्हाई."

"अहो, ह्यांचे हिंदुस्थानी करू आपण. शिरस्त्राण बदललं की झालं."

ते काम माझ्याकडे आलं. जर्मनांचे टोप कानावर उतरलेले, आणि आपल्या जवानांचे उथळ, उपड्या वाडग्यासारखे, भोवती कड. मी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडले. मसूर लहान पडला. तूर चपटी. पांढऱ्या वाटाण्याची डाळ मात्र अशी बरोबर बसली की जणू देवानं ती उसळीसाठी नाही, पायदळासाठीच केली असावी. औषधाच्या ट्यूबचा पत्रा कापून कड लावली, हिरवट रंग दिला. जर्मनांची डोकी ह्यांनी कानशीनं घासली आणि मी वरून एकेक वाटाणा चिकटवला. लक्षवातींसाठी आणलेल्या कापसातून थोडा काढून, काजळीत घोळून स्फोटाचा धूर केला. देवाच्या कापसाचा धूर केला म्हणून रात्री जपाच्या दोन माळा जास्त केल्या.

पण बारा जणांत सरपटणारा एकही नव्हता. एकजण पालथा होता, पण तो कोपरांवर रेलून दुर्बिणीतून बघत होता.

"ह्यो काय, पलीकडच्या म्हशी मोजतोय?" रंगराव म्हणाले.

ह्यांनी मेणाचा सरपटणारा शिपाई करायला घेतला. माणसाच्या तोंडातले बत्तीस दात डोळे मिटून करतील, पण दातांच्या पलीकडे ह्यांचा हात चालायचा नाही. पहिला झाला तो भिंतीवरच्या पालीसारखा. दुसरा बेडकासारखा. तिसरा बरा होता, पण त्याला बघून मोलकरीण म्हणाली, "बाई, ह्याच्या पोटात दुखतंय का?" पाचवा मोडून झाल्यावर हे म्हणाले, "नाही जमत. रंगरावांना सांगून टाकतो, महादेव उभाच करू."

"उभा कसा? तो सरपटत गेला ना?"

"आजीला काय कळणार?"

"तिला हातानंच तर कळणार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकृष्णाला अंघोळ घालत होते. पंचपात्रीतून पाणी सोडलं, ते पाठीवरून ओघळलं, आणि मी हात तसाच थांबवून बघत राहिले. रोजचंच रूप. एक हात जमिनीला, गुडघा पुढे टाकलेला, मान वर, नजर समोर. दुसऱ्या हातात गोळा.

मी ओल्या हातानंच पडवीत गेले.

"अहो, हे बघा."

ह्यांनी चष्मा वर केला. बाळकृष्ण हातात घेतला, दुर्बिणीवाल्या जर्मनाशेजारी ठेवला. मापसुद्धा जुळलं. हे आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला चालेल?"

"मूर्तीला कानस लावायची नाही. साचा काढा."

"आणि मग त्या साच्यातून देवाचा शिपाई?"

"गाई राखल्यात त्यानं, रथ हाकलाय. एक दिवस पायदळात जाईल."

हे मोठ्यानं हसले. मी देवाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचंच हसू होतं, त्यामुळे ही परवानगीच असं मी धरून चालले.

आधी दातांच्या मापाचा मऊ मसाला वापरून पाहिला. तो वर केलेल्या हातापाशी दरवेळी फाटायचा. देवाला दोन दिवस पुदिन्याचा वास येत होता. मग ह्यांनी ठरवलं, प्लॅस्टर. बाकीची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे.

तर एकादशीचे अकरा वाजले. हे अजून दगडाभोवती फिरत होते.

"दोन रस्ते आहेत," हे म्हणाले. "एक, हातोडी घालून साचा फोडतो. पाच मिनिटांत देव बाहेर, तू चहा पी. पण साच्याचा भुगा होईल, आणि पुन्हा करायला एवढं प्लॅस्टर घरात नाही. सांगलीहून सोमवारी येईल. रविवार गेला."

"दुसरा?"

"तारेच्या करवतीनं सहा तुकडे करून काढायचा. तुकडे नंतर जोडता येतील. पण दोन-तीन तास लागतील. आणि तार चुकून मूर्तीला लागली तर..." चरा गेलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, नदीत सोडतात, हे ह्यांनाही ठाऊक होतं.

मला आईची आठवण आली. लग्नात तो हातावर ठेवताना म्हणाली होती, कमळे, ह्याला उपाशी ठेवू नकोस. आता तो उपाशी, मीही उपाशी, आणि निकमवाडीत एक म्हातारी खोकत बसलेली.

"करवत घ्या," मी म्हटलं.

"नक्की?"

"त्याला अडकायची सवय आहे. जन्मला तुरुंगात, पुढं आईनं उखळाला बांधला. तुम्ही सावकाश कापा."

आणि मी पाटावर बसून विष्णुसहस्रनाम सुरू केलं. घसा कोरडा पडला होता. एकीकडे नामावळी, एकीकडे तारेचा कुरकुर आवाज. मधेच आवाज थांबला की माझंही थांबायचं. "चालू दे, चालू दे," हे पडवीतून ओरडायचे, "प्लॅस्टरच आहे!" तीनशेच्या आसपास एकदा हे म्हणाले, "अरे बापरे." मी डोळे गच्च मिटले. "काही नाही," हे म्हणाले, "माझंच बोट."

दीड वाजता ह्यांनी हाक मारली. बाळकृष्ण ह्यांच्या तळहातावर होता. पांढराफटक, कानात प्लॅस्टर, काखेत प्लॅस्टर, पण अंगावर ओरखडा नाही. मी त्याला गरम पाण्यानं अंघोळ घातली, काखेतलं दातकोरणीनं काढलं, दोन वाट्या दूध ठेवलं. मग चहा केला. तसा चहा पुन्हा कधी झाला नाही.

तुकडे जोडून साचा झाला. त्यात घालायला ह्यांच्याकडे एकच वस्तू भरपूर होती, हिरड्यांचा गुलाबी मसाला. गुरुवारी सकाळी साच्यातून एक गुलाबी, गुबगुबीत, उघडा शिपाई बाहेर आला. मुकुट होता, कुंडलं होती, कमरेला साखळी होती, आणि मागची बाजू अशी काही गोंडस, की शत्रूनं गोळी झाडायच्या आधी पापा घेतला असता.

"ह्याला आधी विजार," हे म्हणाले.

मुकुट घासून वाटाणा बसवला. कुंडलं, कडी, साखळी घासून काढली. विरळ मलमलीचे तुकडे डिंकात बुडवून मी त्याला सदरा-विजार चढवली, वर खाकी रंग दिला. पाठीवर पिशवी, कमरेला पाण्याची बाटली. चेहऱ्यावर मिशीची रेघ ओढली तर तो नाटकात काम करणाऱ्या लहान मुलासारखा दिसायला लागला.

शुक्रवारी रंगराव आले. तोवर फळी सजली होती. कालव्याला आरशाची पट्टी, बांधाला रंगवलेला भुसा, खड्ड्यांत वाटाण्याच्या टोपांचे जर्मन. मधे महादेव. रंगराव वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"गाल जरा जास्त आहेत," हे म्हणाले. "उद्या घासून टाकतो."

"म्हाद्याचं हुतं गाल," रंगराव म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

"आणि हा गोळा. ह्याला अननसासारख्या खाचा पाडतो, म्हणजे बॉम्ब वाटेल. तळवाही फिरवावा लागणार. फेकणाऱ्याचा हात असा उताणा नसतो."

"न्हाई!" रंगराव एवढ्या जोरात म्हणाले की नवी कवळी निसटली. त्यांनी ती अंगठ्यानं आत दाबली. "हात हाय तसाच ठेवा. गोळ्यालाबी खाचा नकोत."

"अहो पण..."

"लांबनं कुणाला दिसतंय? ऱ्हाऊ द्या म्हणलं न्हवं."

चहा न घेताच ते गेले. हे म्हणाले, "लष्करी माणसं. कधी काय डोक्यात येईल." मलाही तसंच वाटलं. देवाचा हात तोडायला लागला नाही म्हणून मी मनात आनंदलेच होते.

रविवारी निकमवाडीला जीपमधून फळी नेली. सगळी वाट मी महादेववर पदराचा आडोसा धरून बसले होते. शाळेची खोली झेंडूनं सजवलेली, बाहेर मांडव, कर्णा, आणि टेबलावर फळीशेजारीच माईक. सरपंचांचं भाषण वीस मिनिटं चाललं. त्यांच्या भाषणात महादेवनं तीन बॉम्ब टाकले. हे माझ्या कानात म्हणाले, "अजून दहा मिनिटं बोलले तर लाहोर घेतील."

मग हौसाबाईंना आणलं. लहानखुरी बाई, हिरवं लुगडं, हातात काठी. रंगरावांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांचा हात धरून फळीच्या कडेवर ठेवला. माईक चालूच होता.

बोटं कालव्यावर गेली. "गार लागतंय. पाणी?"

"पाणी, आई. कालवा."

बोटं बांधावर चढली, खड्ड्यात उतरली, एका शिपायाच्या डोक्यावर थांबली. तिथं जरा घुटमळली.

"ह्यो वाटाणा हाय का गं बाई?"

कर्ण्यातून ते सगळ्या वाडीला ऐकू गेलं. माझे कान तापले. "होय, आजी," मी म्हटलं, "टोप केलाय त्याचा."

"भिजीवला न्हाईस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि मांडव हसला.

मग बोटं मधे आली आणि महादेवला लागली. त्यांनी घाई केली नाही. आधी पिशवी, मग पाठ, मग मागची बाजू, तिथं जरा दाबून बघितलं. गुडघे. पाऊल. पावलावर एक बोट परत परत फिरलं. मग वर येऊन गालांवर अंगठा टेकवला, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मी खाली बघितलं.

"असाच रांगायचा," त्या म्हणाल्या. "एक गुडघा टाकून. दुसरा वढत न्यायचा."

"सरपटत होता, आजी," सरपंच पुढे होऊन म्हणाले. "शत्रूवर चालून जात होता. हात बघा. हातात बॉम्ब आहे."

हौसाबाईंची बोटं हातावरून गेली. तळव्याखालून, मग वरून. गोळ्याभोवती फिरली. पुन्हा तळव्याखाली.

"बाम?"

"हातगोळा."

"मग मूठ कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "टाकायचं असलं तर माणूस मूठ आवळतंय. ह्यो हात उताणा हाय. ह्यो कुणाला तरी कायतरी द्यायला निघालाय." त्यांनी तोंड वळवलं, बरोबर रंगरावांच्या दिशेनं. "रंगू, काय देतोय रं ह्यो?"

चूक आमची होती. उताण्या हातानं बॉम्ब कुणी टाकत नाही. आता मूर्तीचं सगळं बाहेर येणार, असं वाटून मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात रंगराव मटकन खाली बसले. खुर्ची नव्हती, जमिनीवरच.

"लाडू, आई," ते म्हणाले.

सरपंचांनी माईकच्या बटणाकडे हात नेला. हौसाबाईंनी चाहुलीवरून काठी आडवी केली. तरी बटण बंद झालं, पण ऐकायला आता कर्ण्याची गरज नव्हती.

"कंचा लाडू?"

"तुमी धाडल्यालं. बेसनाचं. शेवटचा एक त्यानं खिशात ठिवला हुता, कागदात." रंगरावांनी कवळी काढून हातात घेतली होती, त्यामुळे शब्द फुटके येत होते, तरी एकूण एक कळत होता. "माझा जबडा फुटला हुता. दोन दिस पोटात कायबी न्हाई. पलटणीची बिस्कुटं दगडागत, चावंनात. मी खड्ड्यात पडून रडत हुतो, आई. दुखत हुतं म्हणून न्हवं. भुकंनं. ढोरागत. म्हाद्या पलीकडच्या खड्ड्यात. म्हणला, रंग्या, गप. आईचा एक लाडू हाय. मऊ हाय. आणू का?"

"मग?"

"मी म्हणलं, आण."

रंगरावांनी बाहीनं तोंड पुसलं.

"मी 'आण' म्हणलो, आई. गोळ्या चालू हुत्या, आन् मी 'आण' म्हणलो. धा-बारा हात ऱ्हायलं हुतं. सायबानं इचारलं तवा मी बॉम्ब सांगितला. लाडवासाठी गेला म्हणून कसं सांगू? एकवीस वर्सं बॉम्बच सांगतोय."

हौसाबाईंचा हात महादेवच्या हाताखालीच होता, जणू तो खाली पडू नये म्हणून.

"आन् लाडू?" त्यांनी विचारलं.

रंगरावांनी हातातली कवळी उलटीपालटी केली.

"रंगू. लाडवाचं काय झालं?"

"खाल्ला," ते म्हणाले. "अंधार पडल्यावर सरकत गेलो आन् त्याच्या हातातनं घिऊन खाल्ला. मातीसकट. त्यो तिथंच पडल्याला, आन् मी खात बसलो, आई."

हौसाबाईंचा अंगठा गोळ्यावरून फिरत होता. गुळगुळीत होता तो. खाचा आम्ही पाडल्या नव्हत्या.

"गोड हुता?"

"व्हय."

"त्या टायमाला तूप जास्त झालं हुतं माझ्याच्यानं," त्या म्हणाल्या. "म्हणून टिकला." मग जरा थांबून, "खाल्लास ते ब्येस केलंस. न्हाईतर त्याच्या हाताला मुंग्या लागल्या असत्या."

आणि काठी टेकवत उठल्या. जाताना रंगरावांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो खाली तोंडाशी आला तेव्हा म्हणाल्या, "दात घाल आधी. पोरं भ्यातील."

पुढच्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा गेलो. फळीवरची धूळ बघायची होती. ग्रामपंचायतीत त्या पत्राची फ्रेम अजून होती, बॉम्बसकट. सरपंच म्हणाले, सरकारी कागद आहे, काढता येत नाही. खोलीत हौसाबाई फळीजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. रोज येतात, असं रंगराव म्हणाले. खोकला गेला होता. पायापाशी एका वाटीत दोन बेसनाचे लाडू होते. एक त्यांचा, एक रंगरावांचा.

बाकीचे शिपाई जसेच्या तसे होते. महादेवच्या अंगावरचा खाकी रंग मात्र बोटांनी झिजून गेला होता. मलमल विरली होती, आणि गालांवर, पाठीवर, तळहातावर खालचा गुलाबी रंग वर आला होता. पायातलं एक वाळं घासायचं आमच्याकडून राहून गेलं होतं, तेही उघडं पडलं होतं. ह्यांनी लगबगीनं पिशवीतून रंगाची डबी काढली.

"कोण हाय?" हौसाबाईंनी विचारलं.

"दातवाले टेंभे," रंगराव म्हणाले. "आन् वयनी."

त्यांनी मला जवळ बोलावलं, आणि माझ्यापेक्षाही हळू आवाजात म्हणाल्या, "वाळं हाय ह्याच्या पायात. मला पयल्याच दिवशी घावलं. कुणाचा द्येव हाय ह्यो?"

"माझाच," मी म्हटलं. "घरी आहे तो. हा त्याच्या साच्यातला."

"म्हंजी जुळं." त्यांनी मान हलवली. मग ह्यांच्या हातातली डबी ढवळल्याचा आवाज ऐकून म्हणाल्या, "ह्याला रंग नको, दादा. बाकीच्यांचं वाटाणं तेवढं बदला. भुंगा लागलाय."